शोरूममध्ये पडून राहिलेली 'नवी' गाडी : गणित, विज्ञान आणि ग्राहकशिक्षणाचा एक पाठ



सहावी-सातवीच्या मुलांना कोणत्या विषयाची माहिती न शिकवता असते, असं मला कोणी विचारलं तर मी लगेच सांगेन, मोटारसायकलची. कुठली गाडी किती सीसीची, कुठलीचा आवाज कसा, कुठलीला डिस्क ब्रेक आहे, हे सगळं पाठ असतं. शेकडेवारीचं उदाहरण घातलं की मात्र हेच चेहरे पडतात. म्हणून हा पाठ गाडीवरूनच सुरू करायचा. पण रस्त्यावर धावणारी गाडी आपल्याला नको आहे. आपल्याला शोरूमच्या मागच्या गोडाऊनमध्ये, प्लॅस्टिकच्या कव्हराखाली, वर्ष-दोन वर्षं उभी असलेली गाडी हवी आहे. कोणीच न घेतलेली, मीटरवर जेमतेम दोन-चार किलोमीटर असलेली.

मुलांना पहिला प्रश्न एवढाच विचारायचा : "ही गाडी नवी की जुनी?"

वर्गाचे दोन भाग पडतात. काही म्हणतात, "नवीच, वापरलीच नाय ना!" काही म्हणतात, "दोन वर्षांची म्हणजे जुनी." दोन्ही बाजू फळ्यावर लिहून ठेवा, उत्तर लगेच सांगू नका. 'वापरलेली नाही' आणि 'नवी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न विकलेल्या वस्तूचंही वय वाढतं, आणि तिच्या थांबण्याचे पैसे कोणीतरी भरत असतं. पाठ संपेपर्यंत मुलांना एवढं समजलं तर पाठ जमला.

इयत्ता : सहावी ते आठवी. विषय : गणित (शेकडेवारी, सरळव्याज, नफा-तोटा), सामान्य विज्ञान (गंजणे), नागरिकशास्त्र (न्यायालय, ग्राहकाचे हक्क). तासिका : चार ते पाच.

१. आधी माणसं थांबायची, आता गाड्या थांबतात

सुरुवात आजी-आजोबांपासून करा. मुलांना घरी विचारून यायला सांगा : "तुमच्या वेळी स्कूटर कशी मिळायची?"

आज मुलांना खरं वाटणार नाही, पण १९७० आणि ८० च्या दशकांत स्कूटर घ्यायला दुकानात पैसे घेऊन गेलं की काम होत नव्हतं. आधी नाव नोंदवायचं, मग थांबायचं. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज कारखान्यात तयार होणाऱ्या 'चेतक'साठी लोक वर्षानुवर्षं थांबत. दहा-दहा वर्षं थांबल्याच्या आठवणी जुनी मंडळी आजही सांगतात. मुलाच्या लग्नाचा विचार मनात आला की स्कूटरचं बुकिंग करून ठेवणारे लोक होते. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळायची, म्हणून परदेशातल्या नातेवाइकाला गळ घातली जायची.

असं का होतं? कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या, हे सरकारी परवान्यावर ठरायचं. गाड्या कमी, माणसं जास्त. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर परवान्याची ही पद्धत गेली, कंपन्या वाढल्या, कर्ज सहज मिळू लागलं आणि चित्र उलटं झालं. आता माणसाला थांबावं लागत नाही, गाडीलाच गिऱ्हाईकाची वाट बघत उभं राहावं लागतं.

मागणी आणि पुरवठा हे दोन शब्द इथेच फळ्यावर लिहा. व्याख्या देत बसू नका. आजोबांची रांग आणि आजचं गोडाऊन, ही दोन चित्रं समोरासमोर काढली की मुलं व्याख्या स्वतःच सांगतात.

२. गाडी पडून राहते ती का?

मुलांची पहिली समजूत अशी असते की गाडी खराब असणार म्हणून कोणी घेत नाही. तसं असतंच असं नाही. कारणं साधी असतात.

पहिलं कारण हिशेबाचं. कंपनी गाडी थेट आपल्याला विकत नाही. कंपनी ती डीलरला विकते, डीलर आपल्याला. गाडी कारखान्यातून डीलरकडे निघाली की कंपनीच्या वहीत 'विक्री' लागते. तुमच्या-आमच्या घरी ती आलेली नसते, तरीही. वाहन कंपन्यांची संघटना 'सियाम' दर महिन्याला आकडे देते, ते मुख्यतः कंपनीकडून डीलरकडे गेलेल्या गाड्यांचे असतात. डीलरांची संघटना 'फाडा' जे आकडे देते, ते आरटीओच्या 'वाहन' प्रणालीत झालेल्या नोंदणीवरून काढलेले असतात. म्हणून एकाच महिन्याच्या बातमीत "विक्री वाढली" आणि "विक्री घटली" अशी दोन वाक्यं असू शकतात आणि दोन्ही खरी असू शकतात. कंपनीने जास्त गाड्या पाठवल्या आणि लोकांनी कमी घेतल्या, तर मधल्या गाड्या कुठे गेल्या? गोडाऊनमध्ये.

फाडाचं म्हणणं असं की डीलरकडे साधारण २१ दिवस पुरेल एवढाच माल असावा. याचं सोपं गणित घाला. एखाद्या डीलरची रोज सरासरी २ गाड्यांची विक्री असेल, तर त्याच्याकडे किती गाड्या असाव्यात? २१ × २ = ४२. त्याच्याकडे १२० गाड्या असतील तर तो माल किती दिवस पुरेल? ६० दिवस. म्हणजे जवळजवळ तिप्पट.

दुसरं कारण रंगाचं आणि मॉडेलचं. काळी आणि लाल गाडी निघून जाते, एखादा विचित्र रंग राहतो. कंपनीने नवा हेडलाइट किंवा नवं स्टिकर आणलं की आधीचं मॉडेल रातोरात 'जुनं' होतं. महागड्या, मोठ्या इंजिनाच्या गाडीला लहान शहरात गिऱ्हाईक मोजकंच असतं.

तिसरं कारण हंगामाचं. आपल्याकडे गाडी मुहूर्त बघून घेतात : पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, दिवाळी. पावसाचे चार महिने आणि पितृपक्षाचे पंधरा दिवस शोरूम शांत असतं.

चौथं कारण कर बदलण्याचं. १५ ऑगस्ट २०२५ ला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने ठरवलं की ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येईल, आणि तो लागू झाला २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी. मधल्या काळात गणपती होते, पण दर कमी होणार हे कळल्यावर आज गाडी कोण घेणार? मुलांना गणित द्या : करापूर्वीची किंमत ८०,००० रुपये असेल, तर २८ टक्के कराने गाडी १,०२,४०० रुपयांना पडते आणि १८ टक्के कराने ९४,४०० रुपयांना. फरक ८,००० रुपये. "तुम्ही थांबला असतात की नाही?" सगळा वर्ग "थांबलो असतो" म्हणतो. वर्गाने थांबायचं ठरवलं की गाडीही तेवढे दिवस उभी राहते.

पाचवं कारण मुदतीचं. ते मोठं आहे, म्हणून वेगळं घेऊ.

३. दोन पाडवे : २०१७ आणि २०२०

गाडीच्या धुरातून काय आणि किती बाहेर पडावं, याची मर्यादा सरकार ठरवतं. तिला 'भारत स्टेज' म्हणतात, थोडक्यात बीएस. आकडा वाढला की नियम कडक झाला. देशभर बीएस-४ लागू होण्याची तारीख होती १ एप्रिल २०१७. पण एक प्रश्न अडला होता. १ एप्रिलनंतर बीएस-३ गाडी बनवायची नाही हे ठरलेलं, पण आधी बनवून ठेवलेली विकायची की नाही?

२०१७ चा गुढीपाडवा २८ मार्चला होता. दुसऱ्याच दिवशी, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : १ एप्रिलपासून बीएस-३ गाडी विकताही येणार नाही आणि तिची नोंदणीही होणार नाही. ३१ मार्चपर्यंत विकल्याचा पुरावा असेल तेवढ्याच गाड्यांची नोंदणी होईल. लोकांचं आरोग्य कंपन्यांच्या व्यापारी फायद्यापेक्षा महत्त्वाचं आहे, आणि तारीख कंपन्यांना आधीपासून माहीत होती, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. कंपन्यांमध्येही यावर एकमत नव्हतं. पुण्याची बजाज ऑटो मुदतीआधीच बीएस-४ कडे वळली होती आणि इतरांना सवलत देऊ नये अशी तिची भूमिका होती.

त्या वेळी देशभरात सुमारे ८ लाख २४ हजार बीएस-३ वाहनं विकायची शिल्लक होती. त्यांपैकी सुमारे ६ लाख ७१ हजार दुचाकी. (मुलांना टक्केवारी काढू द्या : दर शंभर वाहनांमागे ८१ दुचाकी.) आणि हातात दिवस उरले दोन, ३० आणि ३१ मार्च.

पुढे जे झालं ते अनेकांना आठवत असेल. किमती धडाधड खाली आल्या. काही मॉडेलवर वीस हजारांच्या वर सूट मिळाली. शोरूमसमोर रांगा लागल्या, कित्येक ठिकाणी माल संपला. ज्यांनी पाडव्याच्या मुहूर्तावर बीएस-३ गाडी पूर्ण किमतीला घेऊन हार घातला होता, त्यांना दोनच दिवसांत तीच गाडी हजारो रुपयांनी स्वस्त झालेली दिसली.

दुसरी मुदत होती १ एप्रिल २०२०, बीएस-६ ची. (बीएस-५ मध्ये वगळलं.) या वेळी न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१८ लाच स्पष्ट केलं होतं की १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ गाडीची विक्रीही नाही आणि नोंदणीही नाही. म्हणजे तयारीला जवळजवळ दीड वर्ष होतं. सगळ्यांचा भरवसा शेवटच्या पाडव्यावर होता. पण २०२० चा पाडवा आला २५ मार्चला, आणि तोच देशव्यापी लॉकडाऊनचा पहिला दिवस होता. शोरूमला कुलूप. रस्त्यावर माणूस नाही. गाड्या आत आणि तारीख जवळ येतेय.

२७ मार्चला न्यायालयाने थोडी सवलत दिली : लॉकडाऊन उठल्यावर दहा दिवस, शिल्लक मालाच्या १० टक्के गाड्या विकता येतील, पण दिल्ली परिसरात नाही. पुढे ठरवून दिल्यापेक्षा जास्त गाड्या विकल्या गेल्याचं दिसलं तेव्हा ८ जुलैला न्यायालयाने ती सवलत मागे घेतली. मग १३ ऑगस्टला, ज्या गाड्या ३१ मार्चपूर्वी विकून सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या होत्या, त्यांच्या नोंदणीला परवानगी मिळाली.

या सगळ्यात एक नवीच जात जन्माला आली : 'शून्य किलोमीटरची सेकंडहँड गाडी'. मुदत संपायच्या आत अनेक डीलरांनी उरलेल्या गाड्या स्वतःच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या नावावर पासिंग करून घेतल्या आणि नंतर त्या जुन्या गाड्या म्हणून विकल्या. गाडी कोणी चालवलेली नाही, सीटचं प्लॅस्टिकही निघालेलं नाही, पण कागदावर तुम्ही दुसरे मालक.

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारा. "ही नवी की जुनी?" या वेळी उत्तर पटकन येत नाही. "बाई, कागदावर जुनी, डोळ्यांना नवी," असं एखादं मूल म्हणतं. चांगलं उत्तर आहे. तेही फळ्यावर लिहा.

४. उभी गाडी म्हातारी कशी होते?

आता विज्ञान. गाडी चाललीच नाही तर तिचं बिघडणार काय, असं मुलांना वाटतं. आपल्या रत्नागिरीत हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर्षभर दमट हवा आणि समुद्राकडून येणारा खारा वारा. घराच्या खिडकीचे गज आपण बघतोच.

बॅटरी : वापरली नाही तरी ती हळूहळू उतरत जाते. उतरलेल्या अवस्थेत बरेच महिने राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर धरतो आणि मग ती पूर्ण चार्ज होत नाही.

टायर : गाडी एकाच जागी उभी राहिली की सगळं वजन टायरच्या त्याच भागावर येतं. हवा कमी झाली तर तो भाग चपटा होतो. रबर हवेनेच कडक होतं आणि बारीक भेगा पडतात.

पेट्रोल : टाकीत थोडं पेट्रोल राहिलं तर त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट साका राहतो. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. टाकी अर्धी रिकामी असेल तर आतून गंज धरू शकतो.

ब्रेकचं तेल : डिस्क ब्रेकचं तेलही ओल शोषतं. ते ठरावीक काळाने बदलावंच लागतं, गाडी चालवली असो वा नसो.

चेन, नटबोल्ट, सायलेन्सर : हे तर डोळ्यांना दिसतं. आणि गोडाऊनमधल्या उंदरांना वायरी कुरतडायला गाडी नवी की जुनी याच्याशी काही देणंघेणं नसतं.

उपक्रम : चार खिळे आणि चार काचेच्या बाटल्या घ्या. पहिला खिळा कोरड्या बाटलीत झाकण लावून, दुसरा साध्या पाण्यात अर्धा बुडवून, तिसरा मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवून, चौथा खोबरेल तेल चोपडून साध्या पाण्यात. सात दिवस रोज निरीक्षण लिहायचं. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज, आणि मीठ असलं की अजून लवकर, हे मुलं स्वतः बघतात. मग विचारा : "समुद्रापासून एक किलोमीटरवर उभी असलेली गाडी यांतल्या कुठल्या बाटलीत आहे?"

यात एक धडा चांगला जपणुकीचाही आहे. डीलरने महिन्याला बॅटरी चार्ज केली, हवा भरली, गाडी थोडी पुढे-मागे फिरवली, चेनला तेल दिलं, तर वर्षभर उभी असलेली गाडीही ठणठणीत राहते. गाडीला नुसतं किती महिने झाले एवढंच बघून भागत नाही, ती कशी ठेवली होती तेही बघावं लागतं.

५. गाडीचं वय वाचायचं कसं?

हा भाग मुलांना सगळ्यात आवडतो, कारण यात गुप्त लिपी आहे.

(अ) चासी नंबर. हँडलच्या खाली फ्रेमच्या नळीवर १७ अक्षरं-अंकांचा नंबर कोरलेला असतो. बऱ्याच कंपन्यांमध्ये त्यातलं दहावं अक्षर वर्ष सांगतं : एच म्हणजे २०१७, जे म्हणजे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३, आर २०२४, एस २०२५. मुलांना विचारा, मधली आय, ओ, क्यू ही अक्षरं का गाळली? थोडा विचार केला की सापडतं : आय हा एकसारखा दिसतो, ओ आणि क्यू शून्यासारखे. (कंपनीप्रमाणे अक्षराची जागा बदलू शकते, म्हणून फक्त यावर भरवसा ठेवू नये.)

(आ) टायर. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '२३१८' म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. मुलांना कॅलेंडरवर तो महिना शोधू द्या. जून निघतो. आता शाळेच्या आवारातल्या शिक्षकांच्या गाड्यांचे टायर वाचायला पाठवा. आमच्याकडे या उपक्रमानंतर दोन शिक्षकांनी टायर बदलले!

(इ) गाडीची ठेवण. १ एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू झालं की आपोआप लागतो, त्याला बंद करायचं बटण नसतं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाडीला दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्यावरच्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं. जंगलातल्या माणसाला पायाच्या ठशावरून प्राणी कळतो, तसं या खुणांवरून वर्षाचा अंदाज येतो.

(ई) फॉर्म २१. अंदाज पुरे झाले, हा खरा कागद. डीलर गाडी विकताना जे विक्री प्रमाणपत्र देतो त्याला फॉर्म २१ म्हणतात. त्यात चासी नंबर, इंजिन नंबर आणि गाडी बनल्याचा महिना व वर्ष लिहिलेलं असतं. हाच कागद पुढे आरटीओत जातो. आपल्या 'एमएच ०८' च्या पाटीवरून गाडीची नोंदणी रत्नागिरीत झाली एवढंच कळतं. ती बनली कधी, हे हा कागद सांगतो.

गृहपाठ : घरच्या गाडीच्या आरसीवरून दोन तारखा लिहून आणा, बनवल्याचा महिना आणि नोंदणीची तारीख. दोन्हींत किती महिन्यांचा फरक आहे? वर्गातल्या सगळ्या गाड्यांचा स्तंभालेख काढा. बहुतेक गाड्या एक ते तीन महिन्यांच्या खांबात बसतात. एखादी दूर एकटी उभी दिसली तर तिच्यावर चर्चा करा, पण त्या घरच्या मुलाला ओशाळं वाटणार नाही याची काळजी घ्या. नावं न लिहिता फक्त आकडे गोळा केलेले बरे.

६. थांबण्याची किंमत कोण भरतं?

आता सरळव्याज. उदाहरणासाठी गोल आकडे घेऊ. डीलरने एक गाडी कंपनीकडून ८०,००० रुपयांना घेतली, तीही बँकेचं कर्ज काढून. व्याजदर वर्षाला १२ टक्के.

एका वर्षाचं व्याज : ८०,००० × १२ ÷ १०० = ९,६०० रुपये.
एका महिन्याचं : ८०० रुपये.
एका दिवसाचं : सुमारे २६ रुपये.

"म्हणजे गाडी नुसती उभी राहून रोज एक वडापाव खाते!" असं म्हटलं की वर्ग हसतो आणि गणित डोक्यात बसतं. आता पुढे न्या. अशा २० गाड्या असतील तर महिन्याला १६,००० रुपये. एक गाडी दोन वर्षं राहिली तर १९,२०० रुपये, म्हणजे मूळ किमतीच्या जवळजवळ चौथा भाग. आता मुलांना कळतं की डीलर वीस हजारांची सूट का देतो. मनाच्या मोठेपणाने देतो असं नाही, गाडी अजून उभी राहिली तर त्याला अजून जास्त तोटा होणार असतो. सूट हा तोटा कमी करायचा मार्ग असतो.

आता दुसरी बाजू. गिऱ्हाइकाने किती सूट मागावी? विम्यासाठी गाडीची किंमत धरताना वयाप्रमाणे घसारा लावतात : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, एक ते दोन वर्षं २० टक्के, दोन ते तीन वर्षं ३० टक्के. एक लाखाच्या गाडीवर मुलांना तक्ता करू द्या : ९५,०००, ८५,०००, ८०,०००, ७०,०००. हा तक्ता वापरातल्या गाड्यांसाठी आहे, न वापरलेल्या गाडीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण पुढेमागे आपण गाडी विकायला काढली, तर घेणारा माणूस 'कुठल्या सालची?' हेच आधी विचारतो, मीटर नंतर बघतो. म्हणून घासाघीस करताना हा तक्ता डोक्यात असावा.

दोन गट करा. एक गट डीलर, एक गिऱ्हाईक. दीड वर्ष जुनी, न वापरलेली, एक लाखाची गाडी. डीलरच्या गटाकडे व्याजाचा हिशेब, गिऱ्हाइकाच्या गटाकडे घसाऱ्याचा तक्ता. दहा मिनिटांत सौदा ठरवायचा, आणि प्रत्येक आकड्याला कारण द्यायचं. "परवडत नाय" हे कारण चालणार नाही.

७. पालकांसाठी थोडंसं

पालकहो, पोरगा बारावी झाला, कामाला लागला की गाडीचा हट्ट सुरू होतो. (अठरा पूर्ण आणि लायसन्स हातात, त्याआधी नाही, हे वेगळं सांगायला नको.) आपल्यापैकी बरेच जण हप्त्यावर गाडी घेतात. तीन वर्षं हप्ते भरायचे आणि गाडी मुळात दोन वर्षं जुनी निघाली, तर कर्ज फिटेल तेव्हा ती पाच वर्षांची असेल. हे घेण्याआधी माहीत असलं पाहिजे.

जुन्या सालची न वापरलेली गाडी विकणं हा गुन्हा नाही आणि घेणं हा मूर्खपणा नाही. नीट ठेवलेली असेल आणि किंमत वयाप्रमाणे कमी केलेली असेल, तर तो चांगला सौदाही असू शकतो. चूक तेव्हा होते जेव्हा वय लपवून चालू सालची किंमत लावली जाते. म्हणून :

- पैसे भरण्याआधी बनवल्याचा महिना-वर्ष विचारा आणि चासी नंबरशी ताडून बघा. बुकिंगच्या पावतीवर तो लिहून घ्या.
- बिलावरचा चासी नंबर आणि समोरच्या गाडीचा चासी नंबर एकच आहे ना, हे बघा.
- गाडी सहा महिन्यांहून जुनी असेल तर नवी बॅटरी मागा, टायरचे चार अंक वाचा, ब्रेकचं तेल बदलून मागा.
- वॉरंटी कुठल्या तारखेपासून सुरू होते, हे लेखी घ्या.
- आपल्या जिल्ह्यात एक प्रश्न आवर्जून विचारावा : गाडी पाण्यात होती का? २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरात बाजारपेठ आणि कितीतरी वाहनं पाण्याखाली गेली होती. पाण्यात राहिलेल्या गाडीचं वायरिंग आणि बेअरिंग नंतर त्रास देतं. सीटखाली, वायरींच्या जोडांत चिखलाचा थर दिसतो का, ते बघा.
- "पहिल्या मालकाच्या नावावर आहे, पण चाललेली नाही" असं सांगितलं तर ती सेकंडहँड गाडी आहे. तिची किंमतही तशीच असावी.

काय घेतो आहोत याची खरी माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तो आहे. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. बिल, पावती, फॉर्म २१ हे कागद जपून ठेवले तरच मात्र.

८. वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१) २०१७ मध्ये बीएस-३ गाड्या विकायला अजून सहा महिने दिले असते, तर कोणाचा फायदा झाला असता आणि कोणाचा तोटा?
२) तारीख कंपनीला माहीत होती, गाड्या कंपनीने बनवल्या, पण शेवटी कर्ज काढून माल घेतलेला डीलर अडकला. हे न्याय्य आहे का?
३) ३० मार्च २०१७ ला स्वस्तात बीएस-३ गाडी घेणाऱ्याला पैसे वाचले. त्या गाडीचा जास्तीचा धूर पुढची पंधरा वर्षं कोणी घेतला?
४) शोरूमखेरीज अजून कुठे वस्तू पडून म्हाताऱ्या होतात? (किराणा दुकान, औषधाचं दुकान, आपल्या घरचं कपाट.) त्यांच्यावरची तारीख कुठे असते?

तिसऱ्या प्रश्नावर वर्ग बराच वेळ गप्प असतो. गप्प राहू द्या. दोन दिवस चाललेल्या त्या रांगांमध्ये आपल्यासारखीच माणसं होती, त्यांच्या जागी आपणही असतो. कोणाला दोष द्यायचा, हे शोधायची गरज नाही. स्वस्त का मिळतंय, आणि उरलेली किंमत कोण भरतंय, एवढे दोन प्रश्न मुलांच्या तोंडी बसले तर खूप झालं.

मूल्यमापनाला वेगळी चाचणी नको. पुढच्या दसऱ्याला किंवा पाडव्याला कोणाच्या घरी गाडी आली, तर त्या मुलाने फॉर्म २१ बघून बनवल्याचा महिना वर्गात सांगायचा. आणि जमलं तर गाडी घ्यायला घरच्यांसोबत त्यानेही जावं. हार घालण्याआधी "काका, ही कुठल्या महिन्यातली?" असं त्याने शोरूममध्ये विचारलं, तर या पाठाला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.

तुमच्या शाळेत हा पाठ घेतलात तर खिळ्यांच्या प्रयोगाचे फोटो आणि स्तंभालेख जरूर पाठवा. कोकणातले आणि घाटावरचे खिळे शेजारी ठेवून बघायला मुलांना मजा येईल.